दार लावल्यानं नोटीस टळत न्हाई

आज घनसावंगीला ताईकडं गेल्तो. दाजी ग्रामसेवक आहेत. मी टेकलो, तेवढ्यात त्यांच्या ऑफिसचा शिपाई 'बडतर्फ का करू नये' अशी नोटीस घेऊन आला.

दाजी आतल्या खोलीत जाऊन बसले. म्हणे, "घेतलीच न्हाई तर काय करतेत?"

ताई दारात म्हणाली, "घरी न्हाईत." दाजींच्या चपला तिच्या पायाशीच होत्या.

शिपाई म्हणाला, "मंग दाराला चिकटवतो."

मी आत पळालो. "दाजी, न घेतल्यानं चौकशी थांबत न्हाई, तुमच्याबिगरच उरकती! घ्या, सहीखाली तारीख टाका. उत्तराला मुदत अन् कागदपत्रं लेखी मागू."

दाजींनी बाहेर येऊन सही केली, खाली तारीख टाकली.

नसती केली, तर त्यांच्या माघारी बडतर्फीचा निकाल लागला असता अन् दाजी आत बसून 'वाचलो' म्हणत राहिले असते.

तुमच्या ओळखीत आहे का कुणी असं दार लावून बसलेलं?