साडेपाचचा ब्रेड

माझे सासरे तीन महिन्यांसाठी जपानला, आमच्याकडे कोबेला आले आणि नवव्या दिवशी म्हणाले, "तिकीट जरा अलीकडचं मिळतंय का बघ." सोसायटीची मीटिंग आहे म्हणे. बँकेतून निवृत्त झाल्यापासून ज्या मीटिंगला त्यांनी नेमाने दांडी मारली, तिच्यासाठी हा माणूस समुद्र ओलांडून परत निघाला होता.

मला राग आला. खरं सांगायचं तर राग नव्हे, लागलं. सासूबाईंना जाऊन वर्ष झालं होतं, मुलुंडच्या घरात ते एकटेच, म्हणून मीच नवऱ्याच्या मागे लागून त्यांना बोलावून घेतलं होतं. आमटीत गूळ त्यांच्या आवडीचा, भात गुरगुट्या, तरी पानात अर्धी पोळी उरायचीच. माझं घर काही यांना मानवलं नाही, असा अर्थ काढून मी दोन दिवस गाल फुगवून वावरले.

उलगडा केला तो कचऱ्याने. इथे जळणारा कचरा वेगळा, प्लास्टिक वेगळं. चुकलं तर गाडीवाले पिशवी तिथेच ठेवून जातात, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी. त्यामुळे पिशवी बांधण्याआधी मी हात घालून बघते. त्या दिवशी जळणाऱ्या कचऱ्यात मराठी वर्तमानपत्राचं एक घट्ट पुडकं हाताला लागलं. उघडलं तर आत इसबगोलचे दोन रिकामे खोके आणि चूर्णाची प्लास्टिकची डबी, तीही चाटूनपुसून रिकामी. मला माझीच लाज वाटली. बिचारे इतके दिवस पोट धरून बसले होते आणि मी माझा अपमान कुरवाळत होते.

डॉक्टरकडे यायला तयार नाहीत. "एवढ्याशा गोष्टीला डॉक्टर कशाला?" मग मी म्हटलं, डॉक्टर नाही, वैद्य. लगेच बूट घातले.

मोतोमाचीजवळच्या एका गल्लीत चिनी औषधांचं जुनं दुकान आहे. भिंतभर छोटे छोटे लाकडी खण, काउंटरवर बरण्यांत वाळलेल्या मुळ्या, आणि मागे सत्तरी ओलांडलेल्या चिनी बाई. खरं तर सासऱ्यांचं दुखणं सांगायचं काम मुलाचं, पण माझ्या नवऱ्याचं जपानी रामेन मागवण्यापलीकडे जात नाही. तेव्हा दुभाषी मीच.

बाईंनी आधी जीभ बघितली. मग प्रश्न सुरू झाले. किती दिवसांनी होते? घट्ट की सैल? पोट गार लागतं का? हे सगळं सुनेने सासऱ्यांना विचारायचं! अकरा वर्षांत आमचं बोलणं हवापाणी आणि भाजी यांच्यापुढे गेलेलं नव्हतं. शेवटी मी इंग्रजीच्या पदराआड लपले.

"बाबा, त्या विचारतायत, मोशन कडक होते का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. बरणीतल्या मुळीला म्हणाले, "दगड."

बीपीची गोळी चालू आहे असं कळल्यावर बाईंनी ज्येष्ठमध असलेलं औषध बाजूला सारलं आणि दुसऱ्या बारीक काळसर गोळ्या काढल्या. गार पाणी बंद, पोट गरम ठेवायचं, आठवडाभरात फरक पडला नाही तर मुकाट्याने डॉक्टर. शेवटी विचारलं, घरी असताना वेळ कोणती?

"पहाटे साडेपाच," सासरे मुळीला म्हणाले. "तेव्हा ही देवाची फुलं आणायला खाली जायची. घर शांत असायचं."

मी ते जपानीत सांगितलं. बाईंनी मान हलवली. पाच ते सात ही मोठ्या आतड्याचीच वेळ, असं त्यांचं शास्त्र मानतं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "त्या वेळी तुम्ही कुठे असता?"

मी कुठे असणार? स्वयंपाकघरात. डबे करत. आमच्या घरात स्वयंपाकघर आणि संडास यांच्यात पुठ्ठ्यासारखं एक दार आहे.

"गोळ्या देते," बाई म्हणाल्या, "पण तुम्ही फिरायला जा."

हे शेवटचं वाक्य मी मराठीत आणलं नाही.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला मी जाहीर केलं, "बाबा, ब्रेड आणते. तुमची आंघोळ झाली की मिस्ड कॉल द्या, चहा टाकायला येते." नवऱ्याची काळजी नव्हती. त्याच्या उशाशी ढोल बडवला तरी तो सातपर्यंत उठत नाही. कोपऱ्यावरच्या कन्व्हिनियन्स स्टोअरमधून ब्रेड घेतला आणि बाहेरच्या बाकावर कुडकुडत बसले. मिस्ड कॉल आला, पण घरी गेले तर चेहरा तसाच पडलेला. दुसरा दिवस तसाच. तिसराही.

चौथ्या दिवशी सहा वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला. वाजतच राहिला. मिस्ड कॉल द्यायचा हेही गृहस्थ विसरले होते! मी उचलला, तर नुसतंच, "ये आता. चहा मी टाकलाय." आवाज असा की मी बाकावर एकटीच हसत सुटले. त्या दिवशी ते तीन पोळ्या जेवले आणि हात धुताना म्हणाले, "तिकीट आहे तेच राहू दे."

पुढच्या पहाटे मी दारात बूट चढवत होते. ते मागे येऊन उभे राहिले.

"फ्रीजमध्ये ब्रेडचे चार पुडे आहेत," म्हणाले.

मी मान वर केली नाही. आता काय सांगायचं याची जुळवाजुळव करत नाडी पुन्हा पुन्हा बांधत राहिले.

"फुलांची पुडीसुद्धा घरीच यायची गं," ते हळूच म्हणाले. "फुलवाला रोज पाचलाच दाराला अडकवून जायचा. तरी ही चाळीस वर्षं जिने उतरून फुलं आणायला जायची. मला माहीत होतं. पण तिला कधी तसं म्हटलं नाही. राहूनच गेलं."

मग त्यांनी खुंटीवरचा माझा मफलर काढून माझ्या हातात दिला.

"गार आहे बाहेर," म्हणाले. "जा, ब्रेड घेऊन ये."