सुनेसाठी ओढलेला पडदा

मैत्रिणींनो, आज तुमच्याजवळ एक कबूल करायचंय.

माझ्या सुनेला सातवा महिना आहे. सकाळी रिपोर्टमध्ये तिचं व्हिटॅमिन डी फार कमी निघालं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "बाळाची हाडं आईच्याच जिवावर बनतात. गोळ्या देते, पण उन्हात बसत नाहीस का गं?"

"मलाच सोसत नाही," सून म्हणाली.

खोटं! गॅलरीचा पडदा मीच ओढून ठेवते. माझ्या वेळी पोटुशी असताना मी निफाडला द्राक्षाच्या छाटणीत भर उन्हात राबले. म्हणून हिला ऊन लागू देत नव्हते.

घरी येऊन पडदा काढला. दोघी उन्हात बसलो. थोड्या वेळानं तिनं तिची ओढणी माझ्या डोक्यावर धरली.

"आई, तुमचं ऊन सोसून झालंय."

तुम्हीही मायेनं कुणाचं ऊन अडवलंय का?