आग्रह नसलेलं हॉटेल

आंतोन सर हॉटेलात शिरायचे नाहीत, आधी हॉटेल तपासायचे. पणजीत एखाद्या हॉटेलाच्या दारात उभे राहून ते आत डोकावायचे. भिंतीवरचा दरफलक वाचायचे नाहीत, फोडणीचा वास घ्यायचे नाहीत. आधीपासून बसलेली माणसं कशी बसली आहेत, तेवढंच बघायचे. गल्ल्यावरच्या मालकाने हसून "या, या, आत या" म्हटलं की सर लगेच मागे वळत आणि माझ्या कानाशी येऊन म्हणत, "बाई, हंय नको. हो मनीस आग्रह करतलो." बिचारा मालक बघत राहायचा.

सर आणि मी वेंगुर्ल्याच्या एकाच शाळेत होतो. ते गणित शिकवायचे, मी मराठी. ते निवृत्त झाले तरी शेजार सुटला नाही, कारण आमच्या घरांच्या मध्ये फक्त एक चिऱ्यांचा बुटका गडगा होता. त्यांची बायको फिलोमिना, आम्हा सगळ्यांची फिलूबाय. नाताळात तिच्या घरी गेलेला माणूस चालत परत येई, हेच आश्चर्य. "आनि येक सान्न घे गो, पोटाक काय जाता?" म्हणत ती इडलीसारखं ते सान्न वाढायची आणि ते खाऊन होईपर्यंत समोर उभी राहायची. आग्रह हा आमच्या किनाऱ्यावरचा धर्मच आहे. त्यात हिंदू आणि ख्रिस्तांव असा भेद नाही.

त्याच फिलूबायला घशाचा आजार झाला. उपचारांसाठी पणजीला खेपा सुरू झाल्या. गाडी माझी, म्हणून चालवायलाही मीच. आजार काही काळ आटोक्यात आला, पण गिळताना फार दुखायला लागलं आणि तिने अन्नाचा धसकाच घेतला. डॉक्टरांनी बजावलं, वजन असंच उतरत राहिलं तर नाकातून नळी घालून अन्न द्यावं लागेल. फिलूबायच्या आईचे शेवटचे दिवस तशा नळीवर गेले होते. तिला मरणाचं भय नव्हतं, त्या नळीचं होतं. परतीच्या वाटेवर गाडीत ती नवऱ्याचा हात धरून एवढंच म्हणाली, "आंतोन, माका नळी लावू नको रे." सरांनी शब्द दिला. दिला खरा, पण पाळायचा कसा, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

कारण घरी ती घास घेईना. सगळा वेंगुर्ला पेज, खीर, मऊ भात घेऊन तिच्या खाटेशी येई, समोर बसे आणि तिच्या तोंडाकडे बघत राही. "येवढा तरी खा गो. माझ्यासाठी येक घास." त्यात मीही होते. जिने जन्मभर दुसऱ्यांना वाढलं, तिच्या घासांवर आता सगळ्यांचे डोळे. ती ओठ घट्ट मिटून भिंतीकडे तोंड फिरवायची. सर ते भरलेले वाडगे उचलून आत नेत. त्यांचा चेहरा मला बघवत नसे.

मग एकदा पणजीत तपासणी लांबली. सरांना भुकेने चक्कर यायला लागली, म्हणून आम्ही बाजारातल्या एका साध्या हॉटेलात टेकलो. सरांनी स्वतःसाठी चहा-पाव मागवला. फिलूबायला कोणी काही विचारलं नाही, ती खाणार नाहीच हे धरून चाललो होतो. सर पाकिटातून गोळ्यांची चिठ्ठी शोधत असताना तिने हळूच हात पुढे केला, पावाचा तुकडा मोडला, चहात बुडवला आणि तोंडात टाकला. मग दुसरा. मी "अगोबाई" म्हणणार, तोच सरांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला आणि स्वतः खिडकीबाहेर बघत राहिले. रस्त्यावर बघण्यासारखं काहीही नव्हतं.

घरी आल्यावर ते गडग्यापाशी येऊन म्हणाले, "बाई, तिका खाण्याचो कंटाळो नाय. बघणाऱ्यांचो कंटाळो आसा. वर्गात पोराच्या डोक्यार उभो रवलंय तर तेका येता ता गणितसुद्धा चुकता."

तेव्हापासून हॉटेल निवडणं हे सरांचं काम झालं. "हॉटेल चव बघून निवडूचा नाय, गिऱ्हाईक बघून निवडूचा," असं ते म्हणत. जिथे कोणी रिकामा कप पुढे ठेवून निवांत पेपर वाचतंय आणि त्याला कोणी उठवत नाही, ते हॉटेल पास. तिथे फिलूबायच्या नावाने काहीच मागवायचं नाही. सरांना चहा, मला उपमा, आणि पाव, पातळ भाजी टेबलाच्या मध्ये. वाटलं तर तिने घ्यावं, नाही तर नाही, आणि अर्ध्यातून उठावंसं वाटलं तर सगळ्यांनी उठावं. "जेवण म्हणजे परीक्षा न्हय," सर म्हणत. घरीही त्यांनी तोच नियम लावला: ताटली मध्ये ठेवायची आणि सगळ्यांनी दुसरीकडे बघायचं.

अशा माणसाने एक चूक केलीच. एका नव्या हॉटेलात गल्ल्यावरचा मालक फोनवर मालवणीत बोलताना ऐकला आणि सरांच्या तोंडून निघून गेलं, "तुमी खंयचे?" परमुलखात आपली बोली ऐकून हा प्रश्न गिळेल असा माणूस आमच्या जिल्ह्यात जन्मायचा आहे. मालक वेंगुर्ल्याजवळच्या रेडीचा निघाला. "आमच्याकडची मानसां आनि नुसती चाय?" म्हणत त्याने तळलेली सुरमई आणली, सोलकढी आणली आणि फिलूबायच्या समोर उभा राहिला. "वयनी, हात आखडू नका." पावाकडे गेलेला तिचा हात मांडीवर परत आला. त्या दिवशी ती काही म्हणजे काही खाऊ शकली नाही. मालकाचं मन मोडू नये म्हणून मी आणि सरांनी ती सुरमई संपवली. इतकी वाईट लागलेली सुरमई मी कधी खाल्ली नाही.

पुढच्या खेपेपासून सरांनी नियम केला, पणजीत मालवणी बंद. आम्ही पुन्हा बाजारातल्या त्या पहिल्या हॉटेलात जायला लागलो. तिथला वाढपी पन्नाशीचा, वाळका, अबोल होता. सर त्याच्यासमोर शाळातपासणीला साहेब आल्यासारखं शुद्ध मराठी बोलत, "बाई, आपण थोडी पातळ भाजी मागवूया का?" फिलूबायला हसू आवरायचं नाही. "साहेब आयले!" ती घोगऱ्या आवाजात पुटपुटायची आणि हसता हसता तिचा हात पावाकडे जायचा. वाढपी ताटल्या ठेवून निघून जायचा. आणखी काही हवं का, असंसुद्धा त्याने कधी विचारलं नाही.

आजार पुन्हा उलटला आणि फिलूबाय गेली. आदल्या संध्याकाळपर्यंत ती चहात भिजवलेला पाव खात होती. दफनानंतर दफनभूमीच्या फाटकाशी सर मला म्हणाले, "नळी लागली नाय, बाई." मी मान हलवली.

मग सरांनीच अन्न सोडलं. त्यांच्या ओट्यावर शेजाऱ्यांचे डबे साठू लागले, त्यात माझाही. येणारा प्रत्येक जण "सर, दोन घास तरी खावा" म्हणे. सर "ठेव गो" म्हणून हसत आणि डबा न उघडताच परत येई. त्यानंतर ते फार काळ जगले नाहीत. पण त्याआधी एकदा ते गडग्यापाशी आले. "बाई, गाडी काढतास? पणजेक जावया."

त्या हॉटेलात आम्ही नेहमीच्याच टेबलाशी बसलो. तिसरी खुर्ची रिकामी होती. वाढपी आला आणि सर म्हणाले, "दोन चाय हाड रे. आनि पाव, पातळ भाजी." त्यांची मालवणी ऐकून मी चमकून बघितलं. पण आता लपवायचं तरी कोणासाठी?

"हाडतंय, सर," वाढपी म्हणाला.

सरांनी मान वर केली. "खंयचो रे तू?"

"परुळ्याचो."

"मगे इतके दिवस बोललंस कसो नाय?"

"तुमची बोली माका पयल्याच दिवशी कळली," म्हणत त्याने रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. "पन बाय खात होती. म्हणान मी ओळख दाखवूक नाय."

तो आत जाऊन आला, चहा-पाव ठेवून वळला आणि आमच्याकडे पाठ करून शेजारचं टेबल पुसत राहिला. सरांनी पाव मोडला, अर्धा मधल्या ताटलीत ठेवला आणि सवयीने खिडकीबाहेर बघायला लागले. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी गालांवरून कॉलरवर उतरत होतं. "सर, घ्या ना थोडं," हे शब्द माझ्या अगदी ओठांपर्यंत आले. ते गिळून मी दुसऱ्या बाजूला तोंड फिरवलं आणि दाराबाहेरच्या स्कूटरी बघत बसले, बराच वेळ. वळले तेव्हा मधली ताटली रिकामी होती.