भामरागडच्या वाटेवर: सहा उभे दगड, एक आडवा

गणपतदादा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. लढाईच्या दिवसांत आम्ही दोघेही भरतीला गेलो होतो. त्याला घेतले आणि माझी छाती दोन बोटे कमी भरली. पुढे ब्रह्मदेशाच्या रानात शत्रूच्या पाठीमागे उतरणाऱ्या खास तुकडीत त्याची निवड झाली, आणि तिथेच तो गेला. तेव्हापासून आरमोरीच्या आमच्या घरात त्याचे पदक देवांशेजारी टांगलेले आहे. मी शाळामास्तर असलो तरी गावाला मी ‘गणपतचा भाऊ’च आहे. गेलेल्या माणसाचा हेवा करू नये हे मला कळते, पण मी करतो.

यंदा धान निघाल्यावर बाजारात एका लाकूड-ठेकेदाराचा मुनीम भेटला. म्हणाला, भामरागडच्या अलीकडे एका माडिया गावात त्या तुकडीतून परतलेला लालसू नावाचा शिपाई राहतो. त्याने मेलेल्या सात सोबत्यांसाठी आपल्या रिवाजाने दगड आणले आहेत, शिवाय तुकडीच्या वस्तूंचे प्रदर्शनही मांडले आहे. बाजारात चारचौघांनी ऐकलेच होते, म्हणून हे मी घरी सांगितले; तशी माय म्हणाली, “जा बापा, माह्या गणपतचा दगड पाहून ये. मले त चालवत नाई.” मी जन्मात कुठे जावे असे तिला वाटले ते हेच.

जाणाऱ्यांनी थंडीतच जावे. पावसाळ्यात नाले भरले की पलीकडचे गाव पलीकडेच राहते. आरमोरीहून गडचिरोली आणि तिथून आलापल्ली हा प्रवास मोटारीने होतो. धूळ इतकी, की उतरलो तेव्हा सगळे उतारू एकाच रंगाचे झालो होतो. आलापल्लीत आठ आण्यांत पोटभर भात-वरण मिळाले. पुढे मोटार नाही. लाकडे आणायला जाणाऱ्या रिकाम्या लॉरीच्या ड्रायव्हरला विनवावे लागते.

“मास्तर, रानात काऊन चालले?” ड्रायव्हरने विचारले.

“भावाचा दगड पाहायला. फौजेत होता.”

“फौजी होता? मग मांग कायले बसता, पुढं या ना भाऊ!”

बसायची जागासुद्धा दादाच्याच पुण्याईने मिळाली. दोन्ही बाजूंना काय सागवान होते, उन्हाची तिरीपसुद्धा खाली उतरत नव्हती. पण माझे मन त्या पुढच्या सीटवरच कुढत बसले होते.

लॉरी जिथे थांबली तिथून तीन कोस पायी. सोबत मीठ आणि तंबाखू न्या, तिकडे पैशापेक्षा त्यांना मोल जास्त. लालसू अंगणात टोपली विणत होता. वय चाळिशीचे, डाव्या हाताला दोनच बोटे. मी कोण हे ऐकताच त्याने टोपली बाजूला टाकली, “जोहार, जोहार” म्हणत माझे दोन्ही हात धरले आणि मला धान्याच्या कोठीत नेले. तेच त्याचे प्रदर्शन. फळीवर होकायंत्र, जेवणाचा चेपलेला डबा, एक बूट, सात टोप्या. प्रत्येक वस्तू तो उचलून कपाळाला लावी आणि तिची गोष्ट सांगे. गणपतने हे केले, गणपतने ते केले. मी मान डोलवत होतो आणि आतून जळत होतो.

मग तो गावाबाहेर घेऊन गेला. वाटेच्या कडेला सहा दगड रांगेने उभे होते, पुरुषभर उंचीचे. सातवा गवतात आडवा पडला होता.

“हा गणपतचा,” लालसू म्हणाला. “रक्ताच्या मानसाचा हात लागल्याबिगर दगड उभा नाई करत आमी. बाकीच्यांचे भाऊ, बाप येऊन गेले. तुमाले दोन डाव निरोप धाडला होता.”

निरोप मला मिळाले होते. मी घरी काही बोललो नव्हतो. आणि खरे सांगायचे तर दादाला तसा आडवा पडलेला पाहून मला क्षणभर आनंद झाला. मग आनंद झाल्याची लाज वाटली.

सकाळी गावातली माणसे जमली. खड्डा मी खणायचा होता. दगड चांगलाच लांब होता, नेहमीइतका पुरला असता तर साऱ्यांच्या वर डोके काढून उभा राहिला असता. हे माझ्या लक्षात आले आणि मी खणत राहिलो. कमरेइतके झाले तेव्हा लालसू म्हणाला, “बस, मास्तर.” मी म्हटले, “माती भुसभुशीत आहे.” माती दगडासारखी कडक होती. हाताला फोड आले तरी मी आणखी हातभर खाली गेलो. मग सगळ्यांनी दगड उचलला, मी पहिला हात लावला, आणि दादा इतरांच्या बरोबरीचा झाला. एक बोटही वर नाही.

लालसूने दगडावर मोहाची दारू शिंपडली आणि बुडाशी खांदा लावून जोर केला. दगड हलला नाही. मग तो बाकीच्या सहांकडे गेला. दोन तर त्याच्या हाताखाली डुगडुगले.

“बरसातीत हे लवतेत,” तो म्हणाला. “तुमचा नाई लवनार. एवढी माया त कोनीच नाई केली.”

मी फडक्याने हात पुसत राहिलो.

परत यायला चार दिवस लागले. माय ओसरीवर वाट पाहत होती. “कसा हाये?” तिने विचारले.

“बाकीचे वाकायला लागलेत. त्याचा सरळ आहे.”

“कोनं पुरला?”

“मी.”

माय उठली. माझे फोड आलेले हात तिने आपल्या हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले आणि तळव्यांवर गाल टेकवून रडली. “गणपतनं बी एवढं नसतं केलं रे,” ती म्हणाली.

जन्मभर मी हे वाक्य ऐकायला थांबलो होतो. मी हात सोडवून घेतले आणि पाय धुवायला विहिरीवर गेलो.