पिवळ्या खोलीला चहाचं निमंत्रण

रोज सकाळी ऑफिसात आल्यावर, पर्स खुंटीला अडकवायच्याही आधी, तारीखताई पिवळ्या खोलीला चहाला बोलवत. संगणकावर एक निमंत्रण लिहायचं, विषय ‘चहा’, आणि पाठवून द्यायचं. पिवळी खोली ते लगेच स्वीकारायची. पडद्यावर ‘स्वीकारले’ उमटलं की ताई म्हणत, “उठल्या बाईसाहेब!” मग निमंत्रण रद्द करून खरा चहा करायला जात.

नवीन माणसाला हे वेड वाटे, पण ती रोजची तपासणी होती. खोलीने उत्तर दिलं म्हणजे जिन्याखालच्या कपाटातला सर्व्हर जागा आहे, आणि तो जागा आहे म्हणजे आजच्या भेटी जागच्या जागी आहेत.

भेटी म्हणजे आईबापांच्या आणि मुलांच्या. वेगळ्या झालेल्या नवराबायकोंची मुलं ज्याच्याकडे राहत नाहीत, त्या आईला किंवा बापाला इथे येऊन भेटत. न्यायालयाने ठरवून दिलेला तास, सोबत एक समुपदेशक, आणि चार खोल्या: पिवळी, हिरवी, निळी आणि भिंतीवर हत्ती काढलेली. प्रत्येक खोलीचं कॅलेंडरात माणसासारखं स्वतःचं खातं होतं. तास ठरवायचा तर आईला, बापाला, समुपदेशकाला निमंत्रण जाई, तसंच खोलीलाही. “माणसं ‘बघतो’ म्हणतात,” ताई सांगत, “खोली सरळ हो किंवा नाही म्हणते. म्हणून माझं खोल्यांशी जास्त पटतं.”

त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदापुरतं उरलं होतं. एका मुलाने विचारलं होतं, “तारीख देणारी ताई कुठाय?” आणि त्या दिवसापासून त्या सगळ्यांच्याच तारीखताई झाल्या. त्याआधी त्यांनी बस डेपोत ड्रायव्हरांच्या ड्युट्या लावल्या होत्या. कुणाचं बाळ आजारी, कुणाची परीक्षा द्यायची राहिलेली, कुणाला फक्त पहाटेची गाडी नको, हे सगळं तक्त्यात बसवायची सवय हाताला तिथेच लागली. घरी नवरा शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालेला, दिवसभर बोलायला माणूस शोधणारा. ताईंना यायला उशीर झाला की तो दारातच म्हणे, “मला भेटायचं असेल तर कोणती खोली घ्यावी लागेल, बाई?”

“हत्तीची. तीच मोकळी असते.”

कपाटातला सर्व्हर म्हातारा झाला होता. उन्हाळ्यात तापे, मधूनच रुसे, आणि त्याच्यासाठी ताई कपाटाचं दार उघडं ठेवून समोर टेबलपंखा लावत. कॅलेंडर नव्या यंत्रणेवर हलवा, असा त्यांनी वर्षभर संचालकांमागे धोशा लावला होता. शेवटी संचालक म्हणाले, “हलवा एकदाचं, पण मला त्यातलं काही विचारू नका.” शनिवार-रविवारी सगळी खाती हलली. नव्या यंत्रणेचा इंजिनिअर फोनवर होता. शांत, अदबीने बोलणारा. इकडे जितक्या नोंदी, तितक्याच तिकडे, असं त्याने ताईंच्या सोबतीने मोजून घेतलं. सोमवारी सकाळी पिवळ्या खोलीने चहा क्षणात स्वीकारला. ताईंनी पंखा उचलून स्वतःच्या टेबलावर ठेवला आणि डोळे मिटून जरा वारा खाल्ला.

बुधवारी दुपारी आजी नातीला घेऊन आली.

मुलगी सात वर्षांची. तिचा बाप लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा. पिवळ्या खोलीत तिने दोन लहान खुर्च्या समोरासमोर ओढून ठेवल्या आणि एकीवर बसून राहिली. तास संपला. तिने दुसरी खुर्ची उचलून परत भिंतीला लावली, कुणी सांगितलं नव्हतं तरी, आणि आजीचा हात धरून निघून गेली.

समुपदेशक बाई ताईंच्या टेबलापाशी आल्या. तोंड उतरलेलं. “ट्रकवाला आला नाही. ही तिसरी गैरहजेरी. आता न्यायालयाला कळवावं लागणार, आणि ते भेटी थांबवतील.” मग जराशा घुटमळल्या. “पण ताई, मला वाटतं मी त्याला या आठवड्यात गुरुवार दिला होता. की तो गेल्या महिन्यातला? चाळीस कुटुंबं, माझं डोकं म्हणजे भाजीची पिशवी झालंय.”

ताईंनी नवं कॅलेंडर पाहिलं. बुधवार, चार वाजता, पिवळी खोली. चूक कुठेच दिसत नव्हती. तरी त्या उठल्या आणि जिन्याखाली गेल्या. जुना सर्व्हर शुक्रवारी बंद करायचा ठरला होता. तो अजून घरघरत होता. त्यात लिहिलं होतं: गुरुवार.

त्यांनी हिरव्या खोलीचे पुढचे आठवडे दोन्हीकडे ताडून पाहिले, मग निळीचे; तिथल्याही बदललेल्या भेटी नव्यात नव्हत्या. मग इंजिनिअरला फोन लावला.

“दर आठवड्याच्या भेटीची नोंद एकच असते ना?” त्यांनी विचारलं. “दर बुधवारी चारला, एवढीच?”

“हो.”

“आणि त्यातली एखादीच भेट उचलून गुरुवारी नेली, तर ती दुरुस्ती त्याच नोंदीला चिकटलेली राहते?”

पलीकडे थोडा वेळ नुसतीच कळफलकावरची बोटं ऐकू आली. “अरे देवा,” तो म्हणाला. “दुरुस्त्या आल्याच नाहीत. म्हणून तर मोजणी जुळली.”

“म्हणजे लाँड्रीने सदरा परत दिला आणि बटणं ठेवून घेतली.”

“तसंच. चूक आमच्याकडची आहे, ताई. मी काढून देतो ती बटणं, पण मला रात्र लागेल. आणि लावलेली एकेक तपासायला माणसं लागतील.”

ही केवळ यंत्राची गोष्ट असती तर ताईंनी तिथेच हुश्श केलं असतं. पण नव्या कॅलेंडरने आजीबरोबर बापालाही बुधवारचा मेसेज पाठवला होता. त्यांनी ट्रकवाल्याला फोन केला. मागे इंजिन धडधडत होतं.

“दुपारी मेसेज आला, ताई. मी इतका लांब होतो, उडून येणंही शक्य नव्हतं. माझा तर गुरुवार होता.” मग हळूच, “ती आली होती?”

“आली होती.”

इंजिन बंद झालं. “मग आता ती यायची नाही. मागच्या वेळी गाडी बिघडली तेव्हा तिने पंधरा दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं.”

“तुम्ही उद्या चारला या. तुमचा वार गुरुवारच आहे. बाकीचं मी बघते.”

बाकीचं म्हणजे आजी. ताईंचं ऐकून तिने त्यांना धारेवरच धरलं. “मशीन चुकलं म्हणता? मशीनला तोंड नाही, म्हणून सगळं त्याच्यावर ढकलायचं! बापाची वकिली करायला ठेवलंय का तुम्हाला?”

“नाही हो आजी. मला तारखा सांभाळायला ठेवलंय, आणि तीच मी चुकवली. तुमचा जावई नाही चुकला.”

“जावई म्हणू नका त्याला.”

“नाही म्हणत. पण मुलीला खरं काय ते सांगा. तो येणार नव्हता असं नाही. आपण तिला चुकीच्या दिवशी आणलं. एवढंच सांगा. मग तिला यायचं नसेल तर मी पुन्हा फोन करणार नाही.”

आजीने फोन ठेवून दिला.

संचालकांनी सगळं ऐकून चष्मा काढला. “वर्षभर तुम्हीच माझ्या मागे लागला होतात, तारीखताई.”

“हो. आणि आता मीच म्हणतेय थांबा. नव्यातून एकही मेसेज बाहेर जायला नको. उद्याच्या सगळ्या भेटी आपण फोनवरून कळवू. आणि ट्रकवाल्याची गैरहजेरी खोडायची, कारण आपण त्याला बोलावलंच नव्हतं.”

संचालकांनी चष्मा परत लावला. “गैरहजेरी मी खोडतो, सही माझी लागेल. फोन करायला मला किती घरं देताय ते सांगा.”

गुरुवारी सकाळी इंजिनिअरने बटणं पाठवली आणि ती नीट लागलीत की नाही हे तपासायला अख्खं ऑफिस बसलं. एक जण जुन्या सर्व्हरवरून मोठ्याने वाचायचा, दुसरा नव्यावर पाहून ओरडून उत्तर द्यायचा. खोल्यांची दारं सताड उघडी होती.

“निळी, मंगळवारऐवजी शुक्रवार!”

“आहे!”

“हिरवी, तीनऐवजी पाच!”

“आहे! पण ही तर मी परवाच नव्यात पुन्हा बदलली होती!”

“मग तूच ये इकडे आणि तूच वाच!”

समुपदेशक बाईंचा घसा बसला. संचालक ‘हत्ती, रद्द’ असं इतक्या गंभीरपणे म्हणाले की सगळे हसत सुटले. काही बटणं सापडलीच नाहीत. ती ताईंनी हाताने लावली.

चारच्या सुमारास ताई टेबलाशी होत्या, पण कशातच लक्ष लागत नव्हतं. दार उघडलं. आजी आत आली, हाताची घडी घातलेली. तिच्या मागे मुलगी, निम्मी दाराबाहेर.

“ही म्हणते, बघून जाऊ,” आजी म्हणाली. “मी काही आणली नाही तिला. ती आली.”

मुलगी आत येईना. “आज नक्की आहे का?” तिने विचारलं.

ताई ‘हो’ म्हणणार होत्या. मग त्यांना वाटलं, मोठ्यांचं ‘हो’ हिने पुष्कळ ऐकलंय. त्यांनी शेजारची खुर्ची ओढली. “खोलीलाच विचार ना. ये, मी दाखवते कसं विचारायचं ते.”

ताईंनी आजची चारची नोंद काढून जागा मोकळी केली आणि मुलीने एकेका बोटाने लिहिलं: बाबा आणि मी. वेळेवर, खोलीवर खूण केली आणि ताईंकडे पाहून बटण दाबलं. एक श्वास, दोन श्वास. ‘स्वीकारले.’

“लगेच हो म्हणाली!”

“ती आढेवेढे घेत नाही.”

“पण बाबाने हो म्हटलंय का?”

याचं उत्तर पडद्यावर नव्हतं. ते जिन्यावर होतं. जड बुटांचा आवाज वर आला, आणि दारात एक दमलेला माणूस उभा राहिला, केस पाण्याने बसवलेले, बोटांच्या पेरांत ग्रीस. मुलगी त्याच्याकडे पाहत म्हणाली, “काल चुकीचा दिवस होता.” आणि पिवळ्या खोलीत जाऊन खुर्च्या ओढू लागली. ओढताना त्या जमिनीवर करकरल्या. आजी बाकावर टेकली आणि ताईंना म्हणाली, “आता चहा तरी द्या.”

पुढची काही वर्षं ट्रकवाल्याचा वार सतत हलत राहिला आणि प्रत्येक वेळी बटणं जागेवर राहिली. मग, ताई निवृत्त व्हायच्या महिन्यात, न्यायालयाचा कागद आला: मुलगी आता सुटीच्या दिवसांत बापाच्या घरी राहील, देखरेखीची गरज नाही. समुपदेशक बाईंनी तो ताईंच्या टेबलावर ठेवला. दर आठवड्याच्या भेटीला शेवटची तारीख घालायची असते. ताईंनी ती घातली, नीट पाहिली, आणि पुढचे सगळे बुधवार एकदम पांढरे झाले. त्या जरा वेळ त्या पांढऱ्याकडे बघत बसल्या.

शेवटच्या दिवशी फुलं झाली, भाषणं झाली. नवरा खाली रिक्षा थांबवून हाका मारत होता. ताईंनी पंखा बंद केला, पर्स खांद्याला अडकवली, दारापर्यंत गेल्या आणि आठवण झाल्यासारख्या मागे वळल्या.

“पिवळी बुधवारी चारला मोकळी असते हं आता,” त्या म्हणाल्या. “कुणाला हवी असेल तर घ्या.”