पस्तीस मिनिटांची हवा

“अर्धा तास काही होत नाही, असं कोण म्हणालं होतं? मी?” नवरा खालून विचारत होता. “तूच म्हणालीस. फळ्यावर मांडून दाखवलंस. आणि आता स्टुलावर चढून मी ठोकलेला पत्रा उचकटतेस?”

“चुकलं होतं ते.” तिने स्क्रूड्रायव्हर पुन्हा खाचेत बसवला. स्क्रू गंजला होता, जागचा हलेना.

“वा! दुनियेच्या पोरांच्या चुका काढतेस आणि स्वतःची आज सापडली?”

“अहो, टोमणे नंतर मारा. आधी पक्कड द्या.”

“मिळणार नाही. आईचा खोकला पत्र्याने थांबलाय, तुझ्या गणिताने नाही.”

सासूबाई टॉवेल घेऊन न्हाणीघराच्या दारात उभ्या होत्या. “तुमचं भांडण बाहेर नेता का? मला आंघोळ करायचीय. की तिकीट काढून आत यायचं?”

ती रसायनशास्त्राच्या शिकवण्या घ्यायची. घराची पुढची खोली संध्याकाळी वर्ग व्हायची. भिंतीला फळा, खाली सतरंजी, सतरंजीवर नववी-दहावीची मुलं. मोल म्हटलं की ज्यांच्या पोटात गोळा यायचा, अशीच मुलं तिच्याकडे पाठवली जात. “आधी समीकरण संतुलित करा, मग मोल काढा, मग आधी काय संपतं ते बघा,” ती सांगायची. “बटणं संपली की कापड कितीही उरलेलं असो, सदरे थांबले.” मुलांना ते पटायचं आणि गणितं सुटायची.

पण घरात तिची ख्याती वेगळी होती. घरात ती घाबरट होती. निघताना गॅसची कळ बघायची, जिना उतरून पुन्हा वर येऊन बघायची. इस्त्रीची पिन काढून पर्समध्ये टाकता आली असती तर तिने तीही टाकली असती, असं तिची मुलगी ठमी म्हणायची. तिच्या भीतीला घरात कुणी हसायचं, कुणी वैतागायचं, पण मनावर कुणीच घेत नसे.

गॅसचा गिझर बसला तेव्हा न्हाणीघराला छताजवळ विटेएवढा झरोका होता. थंडी सुरू झाली आणि त्यातून येणाऱ्या वाऱ्याने सासूबाईंना खोकला धरला. नवऱ्याने पत्र्याचा तुकडा कापून आणला आणि चारी कोपऱ्यांना स्क्रू मारून झरोका बंद केला. ती नको नको म्हणत राहिली.

“नुसतं भीती वाटते, भीती वाटते करू नकोस,” तो म्हणाला होता. “किती वेळात काय होईल, आकडा सांग.”

भीतीचा आकडा तिला आजवर कुणी विचारला नव्हता. तिने टेप घेऊन न्हाणीघर मोजलं. आत सात हजार लिटर हवा. त्यातला पाचवा हिस्सा ऑक्सिजन, म्हणजे चौदाशे लिटर. खोलीच्या तापमानाला एक मोल वायू साधारण चोवीस लिटर जागा घेतो, म्हणजे अठ्ठावन्न मोल. सिलिंडरमधला सगळा वायू तिने ब्युटेन धरला. ब्युटेनच्या एका मोलला साडेसहा मोल ऑक्सिजन लागतो. तेव्हा जळणार नऊ मोल ब्युटेन, सव्वापाचशे ग्रॅमच्या आतबाहेर. गिझर मिनिटाला पंधरा ग्रॅम जाळतो. उत्तर आलं पस्तीस मिनिटं.

तिने खबरदारी म्हणून पाच वजा केली आणि घराला अर्धा तास दिला. स्वयंपाकघरातला टोमॅटोच्या आकाराचा टायमर न्हाणीघराबाहेरच्या फळीवर गेला. जो आत जाईल त्याने तो तीसवर फिरवायचा. त्या रात्री तिला गाढ झोप लागली. भीतीला उत्तर असतं आणि ते तिला काढता येतं, हे तिला फार आवडलं होतं.

काल वर्गात ती गणित सांगत होती. “अमुक ग्रॅम ब्युटेन, अमुक लिटर ऑक्सिजन. संपूर्ण ज्वलन होते असे गृहीत धरा.”

“बाई, नाही गृहीत धरलं तर?” पहिल्या रांगेतल्या चष्मिश मुलीने विचारलं.

“तर मार्क मिळणार नाहीत.”

मुलं हसली. तीही हसली. आणि खडू फळ्यावर टेकवताना तिचा हात तिथेच थांबला.

तिने न्हाणीघरातही तेच गृहीत धरलं होतं. ऑक्सिजनचा शेवटचा रेणू संपेपर्यंत ज्योत निळी राहील, आतलं माणूस अंगाला साबण लावत राहील आणि मग पस्तिसाव्या मिनिटाला सगळं एकदम थांबेल. हिशोबात तसंच होतं. पण ज्योत शेवटपर्यंत वाट बघत नाही. हवेतला ऑक्सिजन एकवीस टक्क्यांवरून अठरावर आला तरी ती बिघडू लागते आणि कार्बन मोनॉक्साईड बनतो. त्याला वास नाही, रंग नाही. एकविसातले तीन म्हणजे सातवा हिस्सा. पस्तिसाचा सातवा हिस्सा, पाच. आणि आधीच्या आंघोळीनंतर दार नीट उघडं ठेवलं नसेल, तर पाचही नाहीत.

ठमी केस धुऊन आली की दर वेळी डोकं धरून बसायची. घरात सगळ्यांनी शांपूला दोष दिला होता. शांपू बदललाही होता.

मुलं गेल्यावर तिने हे सगळं नवऱ्याला सांगितलं. आज सकाळी पुन्हा सांगितलं.

“काल पस्तीस, आज पाच,” तो म्हणाला. “भाजीवालासुद्धा एवढा भाव पाडत नाही. उद्या दोन म्हणशील.”

त्याचं तरी काय चुकत होतं? आकडा त्याने मागितला होता आणि तिने दिला होता.

ती स्टुलावरून उतरली. पक्कड गॅलरीतल्या पेटीत असायची. पेटीत खिळे होते, वायरींचे तुकडे होते, तुटलेली कडी होती, पक्कड नव्हती. ती तळ चाचपत होती तेवढ्यात मागे टायमर कर्रकर्र फिरल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ कडी लागली.

“आई! आत जाऊ नका!”

“गेले!” आतून सासूबाई ओरडल्या. पाण्याची धार सुरू झाली आणि गिझरने भप्प केलं.

ती दाराला जाऊन चिकटली. “आई, दार लोटून घ्या नुसतं. कडी काढा.”

“काय बाई मेली कटकट! उघड्या दाराने आंघोळ करू?”

“पाच मिनिटांत बाहेर या.”

“पाच मिनिटांत माझे गुडघेसुद्धा भिजत नाहीत.”

नवरा वर्तमानपत्र उघडून बसला. टायमर टिकटिकत होता. ठमी दात घासत मधल्या दारात आली आणि आईचा चेहरा बघून तिथेच थांबली.

“आई, पाणी गरम आहे ना?” तिने सासूबाईंना काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं.

“आहे.”

जरा वेळाने, “आई, पाठ चोळायला येऊ?”

“नको गं.” आवाज जाड होता, झोपेतून उठल्यासारखा.

“आई, डोकं दुखतंय का?”

पाणी पडत होतं. मघाशी ते तुटक पडत होतं, अंगावरून, मग फरशीवर. आता एकसारखं पडत होतं, नुसतं बादलीत.

“आई!”

“ऐकू येत नसेल तिला,” नवरा म्हणाला, पण वर्तमानपत्र खाली ठेवून.

“आई! ओ आई!” ती दोन्ही हातांनी दार बडवू लागली.

तो उठला. पहिल्या धक्क्याला कडी वाकली, दुसऱ्याला निघाली. आत सगळी वाफ. सासूबाई पाटावर भिंतीला टेकून बसल्या होत्या, मान एका बाजूला, तांब्या मांडीत. बादली भरून वाहत होती. गिझरच्या काचेमागे ज्योत पिवळी झाली होती, लांब आणि मऊ.

तिने आधी गिझरची कळ फिरवली, मग चादर ओढून सासूबाईंभोवती गुंडाळली. दोघांनी त्यांना उचलून गॅलरीत नेलं. ठमी रडत रडत खिडक्या उघडत सुटली. गार वारा लागला आणि सासूबाईंना उलटी झाली. मग त्यांनी डोळे किलकिले केले आणि म्हणाल्या, “खोकला येईल ना गं.”

नवरा अॅम्ब्युलन्सचा नंबर लावत होता. त्याची बोटं भलत्याच आकड्यांवर पडत होती. शेवटी फोन लागला, पत्ता सांगून झाला. गाडीची वाट बघत असताना आत फळीवरचा टायमर वाजला. सगळे दचकले. अर्धा तास आत्ता झाला होता.

दवाखान्यात सासूबाईंना मास्क लावून दिवसभर ऑक्सिजन दिला. संध्याकाळी त्यांना घरी सोडलं. मुलं शिकवणीला येऊन जिन्यात थांबली होती. तिने त्यांना परत पाठवलं. सासूबाई पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या, ठमी त्यांच्या पायाशी. नवरा पेटी उपसत होता. पक्कड त्याच्याच पँटच्या खिशात निघाली. त्याने ती तिच्यापुढे धरली, पण तिच्याकडे बघितलं नाही.

“आता ज्योत निळी आहे का बघून, झरोका उघडा ठेवून वापरला तर?” त्याने विचारलं. “किती वेळ चालेल? तू हिशोब कर ना पुन्हा.”

तिने पक्कड घेतली.

“हिशोब नाही,” ती म्हणाली. “पत्रा मी आत्ता काढतेय. गिझर उद्या बाहेर गॅलरीत जाईल. तोवर पाणी शेगडीवर तापेल, आणि न्हाणीघराला कडी बसणार नाही.”