दोनदा ‘नको’

आमच्या कोर्टात मी पुकारा करायची. दारात उभं राहून नावं ओरडायची, पाण्याचे ग्लास भरायचे, कोणाचा मोबाइल वाजला की डोळे वटारायचे. डोळे वटारण्यात माझा हात कोणी धरणार नाही. आणि न्यायाधीशांच्या पुढ्यात, खालच्या टेबलाशी, आमची स्टेनोताई. एकोणतीस वर्षं तिने साक्षी टाईप केल्या. निवृत्तीला चौदा महिने राहिले होते. बाई भारी शिस्तीची. एकच्या ठोक्याला डबा, पाठीला घरून आणलेली उशी. कोणी लग्नपत्रिका दिली तर आधी तिच्यातल्या चुका काढणार, मग अभिनंदन. नवऱ्याने केलेली सामानाची यादीसुद्धा ती पुन्हा लिहून काढायची. “ताई, तुमच्या घरी भांडण झालं तर ते टाईप कोण करतं गं?” मी विचारायची. ती हसायची नाही, पण खांदे हलायचे.

आमच्याकडची पद्धत अशी. वकील विचारणार, साक्षीदार उत्तर देणार, ते ऐकून साहेब आपल्या शब्दांत एक वाक्य सांगणार आणि स्टेनो ते वाक्य टाईप करणार. साक्षीदार बोलला ते नाही, साहेब बोलले ते. वेळ वाचतो म्हणतात, आणि वाचतोही. पण खटला वरच्या कोर्टात गेला की तिथे माणूस पुन्हा बोलायला जात नाही, कागदच जातो. इतकी वर्षं मी हे रोज बघत होते आणि खोटं कशाला बोलू, मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

मग त्या मुलीची साक्ष लागली. तेवीस-चोवीस वर्षांची, एका मोठ्या लाँड्रीत इस्त्री करणारी. तिथल्या सुपरवायझरने भर दुपारी कपड्यांच्या कोठीत तिच्यावर बलात्कार केला, अशी तिची तक्रार. असल्या खटल्याला बाहेरचं माणूस आत सोडत नाहीत. तिची आई बाहेर बाकावर बसली. दार लावून मी आतून उभी राहिले.

आरोपीचा वकील गोडबोल्या. तासभर त्याने तिला घोळवलं. कोठीला कडी होती का, बाहेर बायका होत्या का, आवाज गेला असता का. पोरगी शांतपणे उत्तरं देत होती, फक्त पिंजऱ्याचा कठडा सोडत नव्हती. मग त्याने विचारलं, “तुम्ही ओरडलात?”

“नाही.”

“ढकललंत? ओरबाडलंत?”

“नाही. मी दोनदा ‘नको’ म्हटलं. मग माझे हातपायच चालेनात.”

साहेब वाईट नव्हते हो. पण त्या दिवसाच्या बोर्डावर अजून सतरा प्रकरणं होती आणि जेवायची वेळ उलटून गेली होती. त्यांनी सांगितलं, “लिहा. मी आरडाओरड केली नाही. मी प्रतिकार केला नाही.”

टाईपचा आवाज आला नाही. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. “झालं?”

“नाही साहेब,” स्टेनोताई म्हणाली. “साक्षीदाराने दोनदा ‘नको’ म्हटल्याचं सांगितलं. ते राहिलं.”

माझ्या इतक्या वर्षांत तिने साहेबांना ‘पुन्हा सांगा’ यापलीकडे शब्द बोललेला मी ऐकला नव्हता. वकील ताडकन उठला. “आता साक्ष काय टायपिस्ट ठरवणार?”

सरकारी वकील एवढा वेळ कागदांत डोकं घालून बसल्या होत्या. त्या उठल्या. “साहेब, सगळा खटला तिथेच तर आहे. अंगाने झटापट केली नाही म्हणजे संमती दिली, असं कायदा म्हणत नाही. संमती म्हणजे आपखुशीने दिलेला स्पष्ट होकार. शब्दाने असो, खुणेने असो. इथे तर चक्क नकार आहे, आणि तोच कागदावर येत नाहीये.”

साक्ष शेवटी वाचून दाखवतात, चूक असेल तर तेव्हा सांगता येते, हे खरं. पण तासभर असल्या प्रश्नांनी पिळून काढल्यावर माणूस सांगाल तिथे सही करतो. मी शेकड्यांनी पाहिलेत.

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. कान लाल झाले होते. मला वाटलं, गेली ताई कामातून. पण ते मुलीकडे वळले. “तुम्ही काय म्हणालात, ते पुन्हा सांगा. सावकाश.” तिने सांगितलं, आणि या वेळी ते तिच्याच शब्दांत टाईप झालं.

चार महिन्यांनी निकाल लागला. साहेबांनी वाचलं: ती ओरडली नाही हे खरं, पण न ओरडणं म्हणजे होकार नव्हे. तिने दोनदा नको म्हटलं आणि उलटतपासणीतही ती त्यावरून ढळली नाही. आरोपी दोषी. दाराबाहेर आईने लेकीला कवेत घेतलं आणि दोघी तिथेच फरशीवर बसून रडल्या. मलाही रडू आलं, लपवायचं काय त्यात!

मी दोन चहा घेऊन धावतच ताईकडे गेले. “अगं, आज तरी हस! तुझ्यामुळे झालं हे.”

तिने कप हातात घेतला, पण तोंडाला लावला नाही.

“अकरा वर्षांपूर्वी अशीच एक आली होती,” ती म्हणाली. “तिने सांगितलं, मी हात जोडले, सोडा म्हटलं. तेव्हाच्या साहेबांनी सांगितलं, ‘मी ओरडले नाही.’ मी तेवढंच टाईप केलं. तो सुटला. संध्याकाळी ती मला जिन्यात भेटली. भांडली नाही गं. एवढंच म्हणाली, ‘बाई, तुम्ही तर ऐकलं होतंत ना?’”

“मग? तू काय म्हणालीस?”

“म्हटलं, सरका जरा, माझी बस जाईल.”